तिच्या हाताचं माप

हार विकणाऱ्याचं माप म्हणजे त्याचा स्वतःचा हात. कोपराला दोरी धरायची, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ओढायची, एक हात झाला. अमरावतीत आमच्या फुलांच्या ओळीत पट्टी कोणी ठेवत नाही. गिऱ्हाईक म्हणते, 'दोन हात मोगरा द्या', की आम्ही हात लावून मोजतो आणि कापतो.

आमच्या दुकानाचं माप माझ्या बायकोचा हात होता. बाई ठेंगणी, हात आखूड. रस्त्याच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर, दुसरी एक फूलवाली बसते. तोंडाची तिखट. ती रोज गिऱ्हाइकाला ओरडून सांगायची, "तिच्याइथून नका घेऊ वो बाई, तिचा हात वीतभर हाय!"

माझी बायको सुई न थांबवता म्हणायची, "हात आखूड हाय, पण फूल दाट हाय. तुया हारातून तं बकरी निंघून जाईन."

गिऱ्हाईक हसायचं आणि बहुतेक वेळा आमच्याकडेच थांबायचं. देवळातल्या पुजाऱ्यानं तर माप म्हणून तिचाच हात धरून ठेवला होता. देवीच्या मूर्तीला किती हात हार बसतो ते त्याला तिच्या हातानं पाठ होतं, दुसऱ्याच्या हातानं नाही.

ती गेली. कशी गेली ते लिहीत नाही, दवाखान्याच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. लोक भेटायला आले, म्हणाले, भाग्याची होती, अहेव गेली, हिरवा चुडा घालून गेली. माझ्या भाग्याचं कोणी विचारलं नाही. मुलानं तिचा फोटो मोठा करून आणला. भिंतीवर लावला, पण हार मी घालू दिला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्या घरी फुलाले तोटा हाय का?" मी म्हटलं, तोटा नाही म्हणूनच. जन्मभर मी लोकांच्या मेलेल्यांना हार पुरवले. हार पडला की माणूस फोटोतलं होते, मग त्याला कोणी जेवायला हाक मारत नाही.

पुन्हा दुकानावर बसलो तेव्हा पहिली भानगड ही झाली की माझा हात लांब. देवीचा हार पायाच्या खाली लोळला. पुजारी हार घेऊन परत आला. "बाप्पा, हे काय करून राह्यला तुमी? देवी अडखळून पडन ना!" बायकोची सवय होती, फावल्या वेळात ती आपल्या हाताच्या मापाच्या दोऱ्या कापून त्यांची जुडी बांधून ठेवायची. ती जुडी पोत्याखाली तशीच होती. त्यातली एक दोरी मी कोपराला लावली आणि पुढं ओढली. मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ती संपली. तिथं तिचा हात संपत होता. वर माझं एक पेर उरत होतं.

त्या दिवसापासून मी तेवढं पेर मुडपून मोजतो. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

आता नातीचं. मुलगा अकोल्याला असतो, त्याची ही पोट्टी तिथं कॉलेजात शिकते. सुटीत माझ्याकडे आली आणि सांगायला लागली की अमरावतीत जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये एक चित्रकार बाई आली आहे. लोक जातात, कापडावर आडवे होतात, दुसरं कोणी त्यांच्या अंगाभोवती कोळशानं रेघ मारते. मग ज्यानं त्यानं आपल्या आकारात आपलं भरायचं. कुठं लागलं, कुठं भाजलं, आपण कुठले, कोणाचे. सगळ्यांचं मिळून एक लांब कापड होणार आणि ते अकोल्याला टांगणार.

मी म्हटलं, "जितेपणी जमिनीवर कायले लेटू? एक दिवस खाली उतरवतातच."

"आबाजी, तुमी दिवसभर त्या फोटोकडे पाहत बसता. त्यापेक्षा चला."

पोट्टी माझ्यावर गेली आहे, बोलायला लाजत नाही. गेलो.

शेड ओळखीची होती. लहानपणी तिथं कापसाच्या गाड्या लागलेल्या पाहिल्या होत्या. आता यंत्रं नाहीत, पण छपराच्या लोखंडी कैच्यांना जुना कापूस अजून चिकटून होता. खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांजरपाट अंथरलेला. त्यावर माणसंच माणसं, रेघांची. एका ऑटोवाल्यानं आपल्या मांडीत लोखंडी सळई काढली होती, खऱ्या मांडीतही आहे म्हणे. मेळघाटातून कामाला आलेल्या एकानं तळव्यांना माती फासली होती, बाकी अंग कोरं. बाजारात टाळी वाजवत येतात त्या तृतीयपंथीयांपैकी एकीनं स्वतःला असा शालू काढला होता की पाहत राहावं. मला पाहून म्हणाली, "ये बाबा, फुलवाले. गजरा आणला नाही का माझ्यासाठी?"

चित्रकार बाई तरुण होती, केस आखूड, हात कोपरापर्यंत काळे. मला पाय पसरून झोपायला सांगितलं. नातीनं रेघ मारली. काखेत गुदगुल्या झाल्या, मी शिवी दिली, सगळे हसले. उठून पाहिलं तर कापडावर एक लांबडा बुवा. एवढाच मी? बोटांना मी हळदीचा रंग लावला, झेंडूनं ती तशीच पिवळी असतात. गुडघ्यात दोन दगड काढले, कारण ते तसेच दुखतात.

माझ्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी होती. मी म्हटलं, "अथी माया बायकोची रेघ मारा."

"या ना घेऊन. कुठं आहेत आजी?"

"पूर्णेत."

बाईला आधी कळलं नाही. नातीनं हळूच सांगितलं, आजीच्या अस्थी पूर्णा नदीत सोडल्या. मग ती माझ्याजवळ खाली बसली आणि सरळ बोलली. म्हणाली, "आजोबा, या कापडावर जो आहे तो स्वतः येऊन झोपलेला आहे. एवढा एकच नियम आहे. मी फोटोवरून एक काढलं, तर उद्या सगळे फोटो घेऊन येतील. मग हे कापड राहणार नाही, श्रद्धांजलीचं पान होईल."

तिचं खोटं नव्हतं. मला पटलं. पण पटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"मंग मलेही पुसून टाका," मी म्हटलं. "तुमी म्हणता, आपण कोणाचे ते भरा. मी जन्मभर त्या बाईच्या समोर बसलो. ती सुईत दोरा ओवून देये, तवा माया हार सुरू होये. ती नाई तं मी अथी कोण हाये? कोणी तरी लांबडा बुढा."

"आबाजी," नात म्हणाली.

"पूस. कोळसाच हाये."

मग मला काय सुचलं काय माहीत. मी बाही वर केली आणि हात बाईपुढं धरला. म्हटलं, तुमच्या नियमाला अंग पाहिजे ना, हे घ्या. कोपरापासून या पेरापर्यंत तिचा हात आहे. पुढचं पेर माझं. रोज सकाळी देवीचा हार याच मापानं जाते, पुजाऱ्याला विचारा.

बाईनं माझं मनगट धरलं. ते पेर बोटानं चाचपलं. मग म्हणाली, "ठीक. हात आला. पण एका हाताची बाई नाही काढता येत, आजोबा. बाकीची कुठं आहे?"

"आणतो."

"कुठून?"

"बाजारातून."

ती हसली, पण टिंगल केली नाही. म्हणाली, "कोणी फोटो आणायचा नाही. ज्याच्या अंगात त्या आहेत, त्यानं स्वतः यायचं. कापड परवा गुंडाळणार आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान लावून मी रस्ता ओलांडला आणि समोरच्या फूलवालीपुढं उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी तो रस्ता तिच्यासाठी कधी ओलांडला नव्हता.

"काय बुढेबुवा," ती म्हणाली, "वाट चुकले का?"

"बायको शोधून राह्यलो."

"या वयात? बाजारात?"

मी सगळं सांगितलं. तिच्या हातातली सुई थांबली. मग ती शेवंतीचं टोपलं बाजूला सारून उठली आणि आपल्या ओठाला बोट लावून म्हणाली, "तिचं कपाळ माया अथपर्यंत ये."

"तुले काय माहीत?"

"बाप्पा! इतकी भांडलो आमी, नाकाले नाक लावून. मले नाई माहीत तं कोणाले?"

कोपऱ्यावर बांगड्यांचं दुकान आहे. तिथली कासारीण वयानं माझ्या बायकोएवढी. तिनं आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून बायकोला बांगड्या भरल्या. तिला विचारायचंही काम पडलं नाही. समोरच्या फूलवालीनं रस्त्यातूनच ओरडून सांगितलं आणि कासारीण दुकानाचं शटर ओढून आली. "मनगट मायाजवळ हाय, भाऊ," म्हणाली आणि अंगठा आणि बोट जुळवून हवेतच गोल करून दाखवलं. तेवढंच होतं ते.

दुपारी आम्ही शेडमध्ये पोचलो. चित्रकार बाईला वाटलं असेल एखादा माणूस आणेल, आम्ही फुलांची अर्धी ओळ आणली. माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेवर नातीला झोपवलं, पाय तिचे घ्यायचे म्हणून. आजीच्या चपला तिला बरोबर होतात, घरात ती त्याच घालते. पाय झाले. समोरची कापडावर उताणी झाली, तिच्या तळव्यापासून ओठापर्यंत मोजलं, तिथं कपाळ आलं. हात माझ्या हातावरून काढले, पेर मुडपून. मनगटाला कासारिणीनं आपली बोटं कापडावर टेकवली आणि बाईनं त्या गोलाबाहेरून कोळसा फिरवला.

"आणि कंबर?" बाईनं विचारलं.

ती मी सांगितली. दोन्ही हातांनी दाखवली. मला कसं माहीत ते कोणी विचारलं नाही. समोरची मात्र म्हणाली, "पाह्य पाह्य, बुढा लाजला," आणि नातीनं तोंड फिरवून हसून घेतलं.

आकार तयार झाला. ठेंगणी, आखूड हातांची. पण अजून ती नव्हती. मी म्हटलं, गोंदण राहिलं. तिच्या हातावर लहानपणी गोंदलेली तुळस होती, खाली मोहरीएवढे ठिपके. दवाखान्यात तिनं मला सांगितलं होतं, "सोनं-नाणं इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येते. वर गेल्यावर त्याच्यावरून मले ओळखजो." म्हणून ते मीच काढणार होतो. निळा रंग घेतला, आणि उजव्या हातावर तुळस काढली. नीट जमली. पण पाहतो तर कसंतरी वाटायला लागलं. पाय तिचे, कपाळ तिचं, आणि बाई कोणी दुसरीच.

कासारीण म्हणाली, "भाऊ, तुळस डाव्या हातावर होती."

"उजव्या."

"डाव्या, भाऊ."

"मी नवरा हाये का तू?" माझा आवाज चढला. "रोज डोळ्यासमोर होती ती तुळस. उजव्याच."

समोरचीही माझ्या बाजूनं आली. "उजव्याच. मी तिच्या समोर बसतो, मले रोज दिसे वो इकडून!"

कासारीण खाली पाहत होती. मग सावकाश बोलली. "शेवटचा चुडा मी भरला भाऊ. दरवेळी ती हात पुढं करे, त्या दिवशी मलेच उचलावा लागला. पहिले डावा उचलला. बांगडी सरकवली तं गोंदण माया अंगठ्याखाली आलं."

मला राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळेना. मी भिंतीशी जाऊन बसलो. मला वाटलं, ही तर एकच खूण तिनं सांगून ठेवली होती, आणि तीच मला आठवत नाही. मग वर जाऊन मी कोणाला ओळखणार?

नात आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. मध्ये तिनं समोरचीनं आणलेलं फुलांचं टोपलं ठेवलं, जसं घरी आजी आणि मी ठेवायचो. म्हणाली, "आबाजी, ओवा."

मी सुई हातात घेतली. वर पाहिलं. "दाखवा आता," नात म्हणाली, "तुळस कुठी होती?"

माझा हात आपोआप पुढं गेला आणि माझ्या उजव्या बाजूच्या तिच्या हाताला लागला. नातीनं तो हात वर केला. सगळ्यांना दाखवला. डावा होता.

"माय वो!" समोरचीनं कपाळावर हात मारला. "आपण दोघंही समोरून पाहून राह्यलो होतो!"

जन्मभर समोर बसल्याचं हे असं. तिचा डावा तो माझा उजवा झाला होता. तुळस मी विसरलो नव्हतो. माझ्या जागेवरून ती जिथं दिसायची तिथंच ती मला आठवत होती. मी हसायला लागलो. ती गेल्यावर पहिल्यांदा, तेही भर लोकांत, आणि डोळ्यांतून पाणी येतच होतं. कासारीणही हसायला लागली. मग सगळी शेड.

डाव्या हातावर मी तुळस काढली आणि माझी बायको आली. कोणी सांगायची गरज नव्हती, समोरचीच आधी म्हणाली, "आली वो माय, आली. आता भांडण काढते पाह्य." उजव्या हातावरची तुळस आम्ही ओल्या फडक्यानं पुसली, तरी निळा डाग राहिलाच. समोरचीनं काळा रंग मागून घेतला आणि त्या हातात एक सुई काढली. वाकडी आली. मी म्हटलं, "सुई हाये का खिळा?" तर म्हणे, "तिच्या हातात सगळंच चाले."

अकोल्याला आम्ही एसटीनं गेलो. बाजारातल्या बाया सणाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. समोरचीनं फुलांचं टोपलं मांडीवर घेतलं, कंडक्टरशी त्यावरून भांडली, जिंकली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरून सगळ्यांनी चहा घेतला. मुलगा अकोल्याच्या स्टँडवर घ्यायला आला होता. इतक्या बाया माझ्यामागं उतरताना पाहून तो डोकी मोजायला लागला.

हॉलमध्ये कापड भिंतीवर उभं टांगलं होतं. जमिनीवर झोपलेली सगळी माणसं आता उभी होती. ऑटोवाला, तळव्यांना माती लागलेला, शालूवाली. आणि मधोमध आम्ही दोघं. लोक गंज आले होते, हॉल भरून. हॉलच्या एका माणसाला कोणीतरी सांगितलं असेल की यातली ही आजी हयात नाही. त्यानं चांगल्या मनानं हार आणला होता, खुर्चीवर चढून तिच्या गळ्याजवळ टाचायला निघाला.

"ओ साहेब, उतरा खाली," मी म्हटलं. "हार घालू नका तिले."

"आजोबा, आदरानं घालतोय."

"ती या कापडावर स्वतः आली हाये. अथी फोटो एकही नाई. पाह्यजे तं या बाईले विचारा."

चित्रकार बाई बाजूलाच होती. म्हणाली, "बरोबर बोलतात. स्वतः आल्यात." तो माणूस उतरला. हार मी हातात घेऊन पाहिला. विरळ होता. माझ्या बायकोनं तो गळ्याशी येऊ दिला नसता.

मग एक कॉलेजची पोरगी पुढं आली. तिनं खाली लावलेली चिठ्ठी वाचली असावी, हात कुठून आला ती. तिनं आपला हात कोपरापासून माझ्या बायकोच्या हातावर ठेवला. "अरे, आजींचा हात तर माझ्याएवढाच आहे." तिच्या मैत्रिणीनं लावून पाहिला. मग एका म्हाताऱ्या बाईनं. मग रांगच लागली. कोणाचा पुरला, कोणाचा एक बोट वर गेला. कडेवरच्या लेकराचाही हात लावून पाहिला एकीनं. माझ्या मुलानं लावला, तो सगळ्यात शेवटी. त्याचा हात माझ्यासारखा लांब. त्यानं बोट मुडपलं आणि तसाच उभा राहिला.

तेवढ्यात हॉलच्या त्या टोकावरून ओळखीचा आवाज आला.

"तिच्या हाताचं माप नका घेऊ वो बायहो! वीतभर हाय तिचा हात!"

सगळा हॉल वळला. अमरावतीच्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. उत्तर देणारी भिंतीवर होती, तिच्या हातात वाकडी सुई होती. मग मीच ओरडलो.

"हात आखूड हाय, पण फूल दाट हाय! तुया हारातून तं बकरी निंघून जाईन!"

असं हसणं मी बाजारातसुद्धा ऐकलं नव्हतं. समोरची स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसत होती, पदर डोळ्यांना लावून. मी तिच्याकडून टोपलं घेतलं, भिंतीसमोर फरशीवर मांडी घातली. तो विरळ हार उसवला आणि पुन्हा ओवायला घेतला. ज्यांचा हात तिच्या हाताला पुरला होता त्या पोरी भोवती बसल्या. प्रत्येकीला एकेक हात सर द्यायचं मी कबूल केलं होतं. नातीनं सुईत दोरा ओवून दिला.

एक पोरगी म्हणाली, "आजोबा, चित्रात तुम्ही आजींच्या बाजूला आहात. इथं समोर का बसलात?"

"मायी जागा हीच," मी म्हटलं.

मी वर पाहिलं. तुळस माझ्या उजव्या बाजूला होती. दोरी कोपराला धरली, बोटाचं पेर मुडपलं आणि पहिली सर कापली.